नियम छापण्याआधी विचारा: हरून फायदा कुणाचा?

एका व्हॉलीबॉल स्पर्धेची नियमावली मी लिहिली होती. शेवटच्या साखळी सामन्यात एका संघाने सलग पाच सर्व्हिस जाळीत मारल्या. गटात पहिला आला असता तर उपांत्य फेरीत सगळ्यात तगडा संघ समोर येणार होता. दुसरा आला तर सोपा. मी कर्णधाराला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "सर, नियम कुठे मोडलाय?" मोडला नव्हताच. नियम माझा होता, आणि प्रेक्षक उठून चालले होते.

तेव्हापासून मी आधी एक कागद भरतो. तीन रकाने आखा: जिंकलो, बरोबरी, हरलो. खाली शेवटच्या फेरीआधीची गुणतक्त्याची प्रत्येक शक्य स्थिती मांडा. चौकटीत "गुण" लिहू नका, संघाच्या पदरात शेवटी काय पडतं ते लिहा: पुढची फेरी, प्रतिस्पर्धी, पैसा. एका जरी ओळीत हरणं जिंकण्यापेक्षा सरस दिसलं, तर मसुदा परत घ्या.

बरोबरीचा रकाना कंटाळून सोडू नका. १९९४ च्या कॅरिबियन फुटबॉल चषकाच्या पात्रता फेरीत नियम होता की जादा वेळेतला सुवर्ण गोल, म्हणजे तिथेच सामना संपवणारा पहिला गोल, दोन गोल धरायचा. पुढे जायला बार्बाडोसला ग्रेनाडाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. २-० अशी आघाडी होती, ८३व्या मिनिटाला ती २-१ झाली. बार्बाडोसच्या बचावपटूने आणि गोलरक्षकाने चेंडू एकमेकांकडे ढकलला, आणि ८७व्या मिनिटाला बचावपटूने तो आपल्याच जाळ्यात मारला. २-२! आता जादा वेळेतला एक गोल त्यांना पुरणार होता. ग्रेनाडाला मात्र कुठल्याही बाजूला गोल झाला तरी चालणार होतं, म्हणून शेवटची मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत धावत होते. ते ४-२ जिंकले. हा सामना मी दरवेळी कागदावर पुन्हा मांडतो, कारण खेळाडूंनी हिशेब अचूक केला होता. नियम करणाऱ्यांनी तो केलाच नव्हता.

वेळापत्रकही नियमच असतं. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी आटोपला होता. पश्चिम जर्मनी १-० जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर, हे दोघांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि नंतर खेळच थांबल्यासारखा झाला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. खर्च जवळजवळ शून्य, म्हणून हे आधी करा.

दुबळ्या संघाला मदत करताना हात जपून ठेवा. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड दिली की तळ गाठायची शर्यत लागते. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, १९८५ मध्ये त्यासाठी सोडत आणली. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची समान, १४ टक्के संधी मिळू लागली. मदत राहिली, पण पहिल्या निवडीसाठी शेवटून दुसरं असताना मुद्दाम शेवटचं व्हायचं कारण उरलं नाही.

आकडा लागला तर तो चांगल्या खेळातून काढा. बास्केटबॉलमधले २४ सेकंद, म्हणजे चेंडू हाती आल्यावर बास्केटवर टाकायची मुदत, असेच आले: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात, सामना २,८८० सेकंदांचा, भागाकार करा. १९५४ मध्ये नियम आला आणि रेंगाळणं संपलं.

बाजारालाही हाच कागद लावा, फक्त "एकटाच आला तर?" अशी एक ओळ वाढवा. १९९० मध्ये न्यूझीलंडने रेडिओलहरींचा लिलाव केला: सर्वोच्च बोली जिंकणार, पण किंमत दुसऱ्या बोलीची. किमान किंमत ठेवलीच नव्हती. एकाने १,००,००० डॉलरची बोली लावली आणि भरले ६ डॉलर, कारण दुसरी बोली तेवढीच होती. स्पर्धक भरपूर असते तर हाच नियम उत्तम चालला असता.

माझ्या व्हॉलीबॉल स्पर्धेत आता उपांत्य फेरीच्या जोड्या साखळी संपल्यावर, सगळ्या कर्णधारांसमोर चिठ्ठी काढून ठरतात. मसुदा मी त्याच कर्णधाराला आठवडाभर आधी देतो आणि म्हणतो, यात पळवाट शोध.