डाउनलोड रखडतंय? आधी अडलंय कुठे ते बघा

मी आमच्या वाचनालयासाठी इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती उतरवून घेते. त्यामुळे ‘डाउनलोड पटापट करणारं सॉफ्टवेअर सांगा’ ही विचारणा माझ्याकडे सारखी येते. माझा उलट प्रश्न ठरलेला: अडतंय कुठे, तुमच्या लाइनवर की समोरच्या सर्व्हरवर?

फाइल उतरत असतानाच दुसऱ्या टॅबमध्ये फास्ट डॉट कॉम ही लाइनचा वेग मोजणारी साइट उघडा. तिथे भरपूर वेग दिसला तर तुमची लाइन मोकळी आहे, सर्व्हरच हात आखडता घेतोय. तिथेही रडारड असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर टाका, फरक पडणार नाही. आकडे वाचताना मात्र सांभाळा. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. म्हणून आठने भागायचं. १०० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सर्व्हरच संथ असेल तर डाउनलोड मॅनेजर उपयोगी पडतो. तो फाइलचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या कनेक्शनने ओढतो आणि शेवटी जोडतो. एकाच विहिरीत चार पोहरे सोडल्यासारखं. पण फाइल मधूनच द्यायची सोय सर्व्हरवर असावी लागते. ती नसेल तर तुकडेही होत नाहीत आणि वीज गेल्यावर डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगायचं तर मला वेगापेक्षा हे अर्ध्यावरून पुढे चालू करणंच जास्त कामाचं वाटतं.

विंडोजवर इंटरनेट डाउनलोड मॅनेजर सर्वांना माहीत आहे. ते विकतचं आहे, चाचणीला ३० दिवस मिळतात. क्रॅक केलेली प्रत घेऊ नका, त्यातून व्हायरस घरात येतो. फुकटात हवं तर फ्री डाउनलोड मॅनेजर. ते टोरेंटही चालवतं, म्हणजे एकच फाइल अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी घेतं. त्याच्या लिनक्स आवृत्तीच्या नावाखाली काही लोकांना घातक पॅकेज मिळाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं होतं. तेव्हा लिनक्सवाल्यांनी आपल्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या आपल्या आवृत्तीच्या) अधिकृत भांडारातलं एरिया-टू (aria2) हे डाउनलोड मॅनेजर घ्यावं. ते कमांड टाइप करून चालतं, पण हलकं आणि भरवशाचं आहे. कनेक्शनं चारच ठेवा. सोळा लावता येतात, पण फुकट पुस्तकं देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर तेवढा भार टाकू नये, आणि काही सर्व्हर अशांना अडवतातही.

एकाच पानावर पन्नास पीडीएफ असतील तर प्रश्न वेगाचा नाही, क्लिकचा आहे. तिथे ब्राउझरमध्ये डाउन-देम-ऑल हे एक्स्टेन्शन टाका, फिल्टरमध्ये पीडीएफ निवडा, सगळ्या लिंक एकदम रांगेत लागतात. मात्र २०१९ पासूनची त्याची नवी आवृत्ती फाइलचे तुकडे पाडत नाही; जुन्या आठवणीवर तशी अपेक्षा ठेवू नका.

आर्काइव्हपुरतं बोलायचं तर आधी योग्य फाइल निवडा. तिथे एका पुस्तकाची पीडीएफ असते आणि पानांच्या मूळ चित्रांची झिपही. झिप कितीतरी पट मोठी असते, आणि वाचायला तिची गरज नसते. बऱ्याच पुस्तकांना टोरेंटचाही पर्याय असतो. तो क्यूबिटटोरेंट (qBittorrent) या टोरेंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून यादीतल्या बाकीच्या फाइलींची खूण काढा आणि फक्त पीडीएफ ठेवा. कुणी दुसरा वाटप करत नसला तरी आर्काइव्हचे सर्व्हर पुरवठा करतात, आणि प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जात असल्याने अर्धवट, न उघडणारी फाइल पदरात पडत नाही.

मोठी रांग रात्री लावा. त्याआधी लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ‘स्लीप’ बंद करा, नाहीतर तो झोपला की डाउनलोडही झोपतं. दिवसा चालू ठेवायचंच असेल तर मॅनेजरमध्ये वेगाची मर्यादा घाला. आमच्याकडे त्याच वायफायवर पोरं ऑनलाइन फॉर्म भरत बसलेली असतात.