दख्खनी कळपासाठी पैदाशीचा एडका कसा निवडावा

एक चांगला एडका पंचवीस ते तीस मेंढ्यांना पुरतो. म्हणजे पुढच्या हंगामातील तेवढ्या सगळ्या कोकरांत निम्मे रक्त त्याचेच असते. असे असूनही सिन्नर, येवला, नांदगावकडच्या मेंढपाळांत पुष्कळदा जनावराचा थोराडपणा पाहूनच सौदा ठरतो. एडका डोळ्यांनी नव्हे, हातांनी तपासावा.

आपल्याकडे पाऊस सुरू होताच बऱ्याच मेंढ्या माजावर येतात, म्हणून एडक्याची निवड चैत्रातच उरकावी. त्याच्या वृषणांत शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्या काळात त्याला जोराचा ताप येऊन गेला असेल, तर वरून धडधाकट दिसणारा एडकाही मेंढ्या गाभण ठेवू शकत नाही.

प्रथम तोंड उघडावे. मेंढीवर्गाला पुढचे आठ दात खालच्या जबड्यातच असतात, वर नुसती कठीण हिरडी असते. वयाच्या सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून मोठे दात येतात आणि पुढे साधारण दरवर्षी एकेक जोडी बदलते. पैदाशीसाठी दोन दाती किंवा चार दाती एडका घ्यावा. खालचे दात वरच्या हिरडीवर नेमके टेकत नसतील, तर त्याला आखूड गवत नीट खुडता येत नाही, आणि हा दोष कोकरांतही उतरू शकतो. त्याच वेळी खालची पापणी उलटून पाहावी. ती गुलाबी न दिसता पांढुरकी दिसली, तर पोटात रक्त शोषणारे जंत असण्याची दाट शक्यता असते.

मग मागच्या बाजूने बसून दोन्ही वृषणे हातांत घ्यावीत. ती सारख्या आकाराची, मोकळी हलणारी आणि आवळलेल्या दंडाच्या स्नायूसारखी घट्ट लागली पाहिजेत. खालच्या टोकाला गाठ लागली, तर पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एकच वृषण उतरलेला एडका कितीही देखणा असला, तरी नाकारावा.

लोकर पाहताना घाई करू नये. खांदा, बरगडी आणि मांडी अशा तीन ठिकाणी दोन्ही तळव्यांनी लोकर दुभागून थेट कातडीपर्यंत पाहावे. मांडीवरची लोकर नेहमीच जास्त जाड असते, मात्र खांदा आणि मांडी यांतला फरक जितका कमी, तितकी सगळी लोकर एकसारखी. काळ्या लोकरीत मधूनमधून पांढरे, राठ, चटकन तुटणारे केस दिसतात. ते सुतातून गळून पडतात, म्हणून असे केस फार असलेला एडका मी तरी घेणार नाही. नंतर एक बट दोन्ही टोकांना धरून झटका द्यावा. ती मधेच तुटली, तर लोकर वाढत असताना जनावर आजारी पडले होते किंवा उपाशी राहिले होते, असे समजावे. दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी असते, त्यामुळे तिच्यात मऊपणा शोधण्यात अर्थ नाही. घोंगडीला हवी ती लांब, दाट, मजबूत आणि शक्यतो न रंगवता वापरता येणारी काळी लोकर.

शक्य असेल तर एडक्याची आईही पाहावी. तिची कास आणि तिच्या आधीच्या कोकरांची वाढ पुष्कळ काही सांगते. जुळ्यांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णा मेंढ्यांचा विचार करता येतो, पण जुळी पोसण्याइतका चारा असेल तरच. दोन वर्षांनी एडका बदलावा, नाहीतर त्याच्या मुलीच त्याच्याकडून फळतात.

आणलेला एडका तीन आठवडे वेगळा बांधून त्याला जंतनाशक द्यावे आणि लसीकरण पुरे करून घ्यावे. कळपात सोडताना त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासावा, म्हणजे ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीमागे खूण उमटते. मेंढीचा माज साधारण सतरा दिवसांनी फिरतो, तेव्हा सोळाव्या दिवशी रंग बदलावा. बहुतेक मेंढ्यांवर दुसरा रंगही उमटला, तर एडका तातडीने बदलावा.