मतदान केंद्रावर या चुका टाळा: दारातून परत फिरण्याआधी एकदा विचारा

मतदान यंत्रासमोर गोंधळून भलतंच बटण दाबणारे लोक फार थोडे. बहुतेकांचं मत हुकतं ते त्याच्या बरंच आधी: यादीच्या टेबलापाशी, केंद्राच्या फाटकाशी, नाहीतर घरातून निघतानाच. मतदान अधिकारी म्हणून टेबलामागे बसलो असताना मला सर्वांत जास्त वाईट वाटायचं ते मुकाट्याने परत जाणाऱ्यांचं. त्यांतल्या निम्म्याशिम्म्या लोकांची अडचण तिथल्या तिथे सुटण्यासारखी असायची. फक्त कुणाला विचारायचं हे त्यांना माहीत नसायचं.

म्हणून ते आधी सांगतो. प्रत्येक मतदान केंद्रावर एक मतदान केंद्राध्यक्ष असतो आणि त्या खोलीतला निर्णय त्याचा असतो. टेबलावरचा अधिकारी "तुमचं होणार नाही" म्हणाला, तर शांतपणे "मला केंद्राध्यक्षांशी बोलायचंय" एवढं म्हणा. पक्षाच्या टेबलावरचा कार्यकर्ता काय म्हणाला यावरून घरी जाऊ नका.

कार्ड आहे म्हणजे मत आहे, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मतदार ओळखपत्र ही फक्त तुमची ओळख. मताचा अधिकार मिळतो तो यादीत नाव असल्यामुळे. एक आजी पंधरा वर्षं जपलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवत होत्या आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या वेळी कुणीच काही करू शकत नाही, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घालता येत नाही. गेल्या वेळी मत दिलं होतं म्हणून याही वेळी नाव असेलच, असं धरून चालू नका. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर, आयोगाच्या अॅपवर किंवा १९५० या क्रमांकावर नाव तपासा. बीएलओंकडेही, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडेही, ती असते.

घर बदललेल्यांची आणखी एक चूक होते. नव्या पत्त्यासाठी ते पुन्हा फॉर्म ६ भरतात. फॉर्म ६ पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांचा. पत्ता बदलणं, नावातली दुरुस्ती, हरवलेलं कार्ड या सगळ्यासाठी फॉर्म ८ आहे. चुकीचा फॉर्म भरला की नाव दोन ठिकाणी लागतं, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही. १८ वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांसाठी आता वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती, त्यामुळे अनेक घरांत अजून "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

नाव सापडलं की यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. एकाच शाळेत चार-पाच केंद्रं असतात. भलत्याच खोलीत अर्धा तास रांग लावल्यावर "तुमचं नाव शेजारच्या वर्गात आहे" असं कळलं की माणूस वैतागून निघून जातो. भाग क्रमांक हातात असेल तर ही वेळ येत नाही.

चिठ्ठी नेली, ओळखपत्र राहिलं

घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. तिचा उपयोग खोली आणि क्रमांक शोधण्यापुरता. मतदार कार्ड नसेल तर आयोगाने मान्य केलेली इतर कागदपत्रं चालतात: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगाचं जॉब कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड. रेशनकार्ड या यादीत नाही, आणि नेमकं तेच घेऊन येणारे बरेच असतात.

कार्डावर "सुनीता" आणि यादीत "सुनिता" एवढ्याने मत अडत नाही. ओळख पटत असेल तर किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करा, अशा अधिकाऱ्यांना सूचनाच असतात. फोटोच जुळत नसेल, तर मात्र वरच्यांपैकी दुसरं कागदपत्र दाखवावं लागतं. म्हणून खिशात दोन ओळखपत्रं असू द्या.

आत गेल्यावर

पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे त्याच्याजवळच्या यंत्रावरचं, बटण दाबतो, आणि मगच तुमच्यापुढचं यंत्र एका मतासाठी सुरू होतं. शाई पुसू नका. बोट दाखवायला किंवा शाई लावून घ्यायला नकार दिला तर मत देता येत नाही.

यंत्रापाशी होणाऱ्या चुका लहान असतात, पण पुष्कळ होतात. हिरवा दिवा लागण्याआधी बटण दाबलं तर काही होत नाही. काही जण चिन्हावर किंवा उमेदवाराच्या फोटोवर बोट दाबत राहतात. दाबायचं असतं ते नावासमोरचं निळं बटण. ते दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि बीप वाजते. हे ७ सेकंद तिथेच थांबा. चिठ्ठी खालच्या पेटीत पडते, हातात मिळत नाही. "माझी पावती?" म्हणून थांबायचं कारण नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने मत दुप्पट होत नाही आणि बादही होत नाही. कुणीच पसंत नसेल तर सर्वांत शेवटी नोटाचं बटण आहे.

समजा, चिठ्ठीवर दुसऱ्याच उमेदवाराचं नाव दिसलं. बाहेर जाऊन ओरडण्यात अर्थ नाही, कारण त्याची दाद तिथेच मागायची असते. केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी निवेदन घेतात आणि प्रतिनिधींसमोर तुम्हाला चाचणी मत द्यायला लावतात. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवलं जातं. खोटी निघाली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे खात्री असेल तर अजिबात कचरू नका, आणि नुसता संशय असेल तर आधी नीट आठवून पाहा.

मोबाइल घरी ठेवा. केंद्राबाहेर फोन जमा करण्याची सोय करण्याचं आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे, तरी ती प्रत्येक ठिकाणी कशी चालेल यावर विसंबू नका. आपण दिलेल्या मताचा फोटो काढणं म्हणजे मताची गुप्तता मोडणं. जो आज हौसेने फोटो काढतो, त्याच्याकडे उद्या कुणीतरी दमदाटी करून तोच पुरावा मागू शकतो. मला ही गुप्तता शाईइतकीच महत्त्वाची वाटते.

दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो. त्याचं वय किमान १८ हवं, आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. दिसत असलेल्या, हात चालणाऱ्या आईच्या वतीने मुलानेच बटण दाबणं मात्र चालत नाही.

"तुमचं मत पडलंय" असं ऐकलं तर

हे ऐकून माणूस सुन्न होतो आणि निघून जातो. जाऊ नका. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. लोक त्याला टेंडर व्होट म्हणतात. ओळखीबद्दल ते जे प्रश्न विचारतील त्यांची समाधानकारक उत्तरं दिलीत की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरली जात नाही, पण निकाल कोर्टात गेला तर ती पुढे येऊ शकते, आणि तुमच्या नावावर तोतयाने मत दिल्याची नोंद कायम राहते.

दर निवडणुकीत एक संदेश फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून "चॅलेंज व्होट" मागा, आणि १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाली की फेरमतदान होतं. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. चॅलेंज म्हणजे प्रतिनिधीने २ रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप. यादीत नाव नसलेल्याला त्यातून मत मिळत नाही.

महापालिकेच्या वेळी

महाराष्ट्रात मुंबई सोडून इतर महापालिकांच्या प्रभागांत एकाहून जास्त जागा असतात, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. विधानसभेच्या सवयीने एकच बटण दाबून लोक वळतात आणि बाकीची मतं राहून जातात. आत जाण्याआधीच आपल्या प्रभागात किती जागा आहेत ते विचारून घ्या, आणि अधिकारी "झालं" म्हणेपर्यंत हलू नका. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथे नोटा दाबा.

संध्याकाळची रांग

मतदानाची वेळ संपताना फाटक बंद होताना पाहून लोक रांग सोडतात. वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याचं मत घ्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे सगळ्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या देतात, म्हणजे मागे नवं कुणी येऊन उभं राहू नये. ती चिठ्ठी हातात असेल तर रात्रीचे आठ वाजले तरी तुमचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद होत नाही.