गावात हेलिकॉप्टर उतरणार असेल तर मैदान कसं तयार करायचं

सोलापूर जिल्ह्यात सभा असो की लग्न, आता हेलिकॉप्टर येतंच आणि हेलिपॅडचं काम ऐनवेळी गावातल्या पोरांवर पडतं. परवानगीचं कलेक्टर ऑफिस, पोलीस, बांधकाम खातं बघतील, मी फक्त मैदानाचं सांगतो, कारण लँडिंगला काही झालं की लोक लगेच पायलटला बोलतात पण बऱ्याचदा घोळ आधीच जमिनीवर झालेला असतो.

सगळ्यात मोठा धोका धुळीचा. पंख्याचा वारा खाली आदळून चारी बाजूला पसरतो आणि परत वर वळतो, एप्रिल-मेमधे आपलं रान म्हणजे नुसता फुफाटा, त्यामुळे शेवटच्या काही फुटांत पायलटला जमीनच दिसत नाही, मशीन बाजूला सरकतंय की मागं तेही कळत नाही आणि तशात एक बाजू आधी टेकली की आडवं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी टँकरनं पाणी मारा, सकाळी परत, आणि उतरायच्या थोडं आधी अजून एकदा, कारण आपल्या उन्हात वरचा थर लगेच सुकतो. नुसत्या एचवर, म्हणजे हेलिकॉप्टर टेकायच्या जागी आखलेल्या H खुणेवर नाही, आजूबाजूला लांबपर्यंत मारा. एच आणि गोल सुक्या फक्कीनं आखू नका, तीच उडते, चुना पाण्यात कालवून मारा.

पण काळ्या रानात नुसतं पाणी मारलं तर चिखल होणार. आधी मुरूम टाका, रोलर फिरवा, मग पाणी. हेलिकॉप्टरचा एक पाय रुतला आणि पायलट उचलायला गेला तर मशीन त्या अडकलेल्या पायाभोवतीच कलंडतं, आणि एका हद्दीच्या पुढं कलंडलं की मग सावरत नाही. ऑक्टोबर २०२५ मधे केरळात प्रमाडमला राष्ट्रपतींच्या हेलिकॉप्टरची चाकं ताज्या काँक्रीटमधे रुतली होती, म्हणजे काँक्रीट केलं तरी ते वाळायला वेळ पाहिजेच.

मोकळं सामान उचला. शेजारच्याच कलबुर्गी जिल्ह्यात जेवर्गीला मार्च २०२३ मधे कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पांचं हेलिकॉप्टर उतरताना प्लास्टिकचे कागद उडाले, पायलटनं वेळीच वर घेतलं म्हणून निभावलं. ताडपत्री, फ्लेक्स, पाचट, मंडपाचं कापड, फुलांच्या पाकळ्या, काहीच जवळ नको.

आता तारा. निलंग्याला २५ मे २०१७ ला फडणवीसांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून पडलं, सगळे वाचले. तारा वरून दिसतच नाहीत. त्यात उन्हाळ्यात हवा विरळ, मशीनची उचल कमी, म्हणून पायलटला तिरकं, वाऱ्याला तोंड करून यायला लांब मोकळी वाट लागते. चारी बाजूला झाडं, खांब असले की त्याला सरळ खाली यावं लागतं, आणि जोरात खाली येताना मशीन स्वतःच्याच वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडलं तर ताकद वाढवली तरी खालीच जातं. त्यामुळे जागा बघतानाच वारा कुठून येतो ते बघा, बांबूला कापड लावून एचपासून लांब उभं करा, आणि तारांचे फोटो लोकेशनसकट पायलटला आदल्या दिवशीच पाठवा.

गर्दीला बॅरिकेडच्या मागं ठेवा. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय हार घेऊन कुणी पळायचं नाही, शेपटीकडनं तर कधीच नाही, मागचा छोटा पंखा फिरताना डोळ्याला दिसत नाही. पायलटनं हात केला की समोरून, त्याला दिसेल असं जायचं.