ट्रेलर ओढताना पिकअप तापतेय? या चुका टाळा

रिकामी पिकअप दिवसभर पळते आणि तापमानाचा काटा मधोमध असतो. मागे ट्रेलर जोडला, लांब चढ लागला, की तोच काटा वर सरकायला लागतो. मग आधी थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह, बदलला जातो, नंतर वॉटर पंप, शेवटी रेडिएटर. खिसा रिकामा झाला तरी गाडी तापायची थांबत नाही. एखादा पार्ट खराब झालेला असतो हे खरंच, पण तो कुठला हे गाडी आधीपासून सांगत असते. काटा नेमका कधी चढतो आणि कशाने उतरतो हे नीट पाहिलं, तर निम्मं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं.

लक्षण न बघता पार्ट बदलणं

जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, उतरते. चढावर ओझं ओढताना इंधन भरपूर जळतं आणि वेग मात्र कमी असतो, म्हणजे उष्णता वाढते आणि समोरून येणारी हवा घटते. कूलिंगमधला जो कमकुवतपणा रिकाम्या गाडीत दबून राहतो, तो इथे उघडा पडतो.

उभ्या गाडीत किंवा रांगेत काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर हवेचा प्रश्न आहे. फॅन, फॅन क्लच (गरम झालं की पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग), इलेक्ट्रिक फॅन असेल तर त्याचा रिले, आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण म्हणजे श्राउड तपासा. काम करताना काढलेला श्राउड परत बसवायचा राहून गेला, असंही होतं.

उलट सपाट रस्त्यावर वेगात असताना तापते आणि हळू केल्यावर निवळते, तर कूलंट पुरेसं फिरत नसावं. रेडिएटर आतून चोंदलाय, पंपाची पाती गंजून झिजलीत किंवा रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, चपटा होतोय. होज तपासायला सोपा आहे. इंजिन गरम असताना बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि तुम्ही लांबून होजकडे बघा. पोट खपाटीला गेल्यासारखा आवळला, तर दोषी सापडला. हात आणि कपडे मात्र फॅनपासून दूर ठेवा.

फक्त चढावर, लोडमध्येच तापत असेल तर माझा पहिला संशय फॅन क्लचवर असतो. त्यात सिलिकॉन द्रव असतो, तो हळूहळू झिरपतो आणि क्लचभोवती तेलकट, धूळ चिकटलेले पट्टे दिसतात. इंजिन गरम आणि बंद असताना पंखा बोटाने ढकलला आणि तो अडथळ्याशिवाय गरगरत राहिला, तर क्लच संपलाय. चांगला क्लच चढावर धरतो तेव्हा पंख्याचा घोंघाट केबिनमध्ये ऐकू येतो. तो घोंघाट कधीच ऐकला नसेल तर विचार करा.

रेडिएटर फक्त समोरून बघणं

समोरून जी जाळी दिसते ती बऱ्याचदा एसीच्या कंडेन्सरची असते. रेडिएटर तिच्या मागे असतो आणि खरा कचरा या दोघांच्या फटीत साचतो. टॉर्च घेऊन वरून फटीत बघा. धूळ, मेलेले किडे आणि गवताचं बी मिळून तिथे नमद्यासारखा थर बसलेला सापडतो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, तेही साध्या पाइपने. जोरदार प्रेशरने पातळ पाती आडवी पडतात आणि हवेची वाट आपणच बंद करतो. ग्रिलसमोर लावलेले मोठे दिवे, विंच, पाट्या यांचाही हिशेब याच खात्यात.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरतं, म्हणजे लोडखाली परिस्थिती आणखी बिघडते. शिवाय रिकामी गाडी धड गरमच होत नाही आणि इंधन जास्त पिते.

रेडिएटरच्या झाकणाला किरकोळ समजणं

पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं असेल तर मिश्रण साधारण 107 अंश सेल्सिअसला उकळतं. साधारण 15 पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) झाकण दाब धरतं तेव्हा तोच उत्कलनबिंदू 129 च्या आसपास जातो. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत गेली. नुसतं पाणी भरणं चूक, आणि जास्त बरं म्हणून कूलंट निव्वळ ओतणंही चूकच, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

डॅशबोर्डच्या काट्यावर भिस्त ठेवणं

अनेक गाड्यांत तापमान बऱ्यापैकी बदललं तरी काटा मुद्दाम मध्यावर ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. थर्मोस्टॅट सहसा 82 ते 95 अंशांदरम्यान उघडतो, आणि दाब शाबूत असेल तर लांब चढावर आकडा शंभरच्या थोडा वर जाणं मोठी गोष्ट नाही. 115 ओलांडूनही चढतच राहिला तर थांबा. काटा अचानक खाली पडला तर आनंद मानू नका, बहुधा कूलंट कमी होऊन सेन्सर कोरडा पडलाय.

वरच्या गिअरमध्ये रेटत राहणं

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल बहुतेकदा रेडिएटरमधूनच गार होतं. वरच्या गिअरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग, लॉक न होता घसरत राहिला, तर ती उष्णताही त्याच रेडिएटरच्या माथी. टो मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) असेल तर वापरा. एक गिअर उतरवला की इंजिन ओरडतं, पण बेल्टवर चालणारे पंप आणि पंखा जोरात फिरतात.

काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण आणि ब्लोअर जोरात. घामाघूम व्हाल, पण हीटरचा छोटा रेडिएटर कामाला लागतो. त्यातून गार हवा आली तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. गाडी थांबवल्यावर कूलंट शाबूत आणि पंखा चालू असेल तर न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन निवू द्या. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर इंजिन लगेच बंद. झाकणाला हात वरचा होज दाबून मऊ लागेपर्यंत लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं.

हेड गॅस्केटचा विचार टाळणं, किंवा आधी तोच करणं

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड आणि ब्लॉकमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गळून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढून पाहणारी चाचणी करून घ्या, वायू असेल तर द्रवाचा रंग बदलतो. सुरुवातीची गळती फक्त लोडमध्येच उघडते, म्हणून चाचणी ट्रेलर ओढून आल्यावर करा.

ट्रेलरकडे न बघणं

अडकलेला ब्रेक किंवा हवा कमी असलेला टायर इंजिनाला न दिसणारा चढ ओढायला लावतो. थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) न टेकवता धरा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला असेल, तर रेडिएटरला हात लावण्याआधी त्या चाकाचा ब्रेक आणि बेअरिंग उघडून बघा.