लॅटिन शिकताय? मग 'ओरातिओ'शी आधीच नीट ओळख करून घ्या

लॅटिन नवीन सुरू केलं की 'ओरातिओ' दिसला रे दिसला की सगळे 'भाषण' लिहून मोकळे होतात, आणि सिसेरो हा रोमन वक्ता वाचत असाल तर ते खपूनही जातं. इ.स.पू. 63 मध्ये ज्युपिटर स्टेटरच्या देवळात सिनेटसमोर त्याने बंडाचा कट रचणाऱ्या कॅटिलीनला झोडपलं ती ओरातिओच. पण तोच सिसेरो दुसरीकडे ओरातिओचे दोन प्रकार करतो, एक सभेत-कोर्टात जोर लावून बोलायचं ते आणि दुसरं 'सेर्मो', म्हणजे घरी मित्रमंडळींत चालतात तशा गप्पा. म्हणजे इथे ओरातिओ म्हणजे एकूणच बोलणं झालं ना!

डिक्शनरीत ओरातिओ, ओरातिओनिस असं दिलेलं असतं, आपल्या शाळेतल्या संस्कृतच्या भाषेत प्रथमा आणि षष्ठी. पाठ करायची ती षष्ठी, कारण पुढची सगळी रूपं तिच्यावरून बनतात. शब्द स्त्रीलिंगी आहे, विशेषण लावताना लक्षात असू द्या.

आता अर्थ कसा पकडायचा? शेजारचा शब्द बघा, एवढंच. 'पार्तेस ओरातिओनिस' म्हणजे शब्दांच्या जाती, 'ओरातिओ सोलूता' म्हणजे गद्य (वृत्तात न बांधलेलं, मोकळं), आणि 'ओरातिओ दोमिनिका' म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना. चर्चच्या लॅटिनमध्ये हा प्रार्थनेचाच अर्थ जास्त भेटतो आणि उच्चारही ओरात्सिओ होतो. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'ओरासांव' झालाय, तिथेही प्रार्थना आणि व्याकरणातलं वाक्य असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे गोव्याचे जुने पोर्तुगीज कागद वाचायचा विचार असेल तर हे आत्ताच डोक्यात बसवून टाका.

खरी मेहनत आहे 'ओरातिओ ओब्लिक्वा'त, म्हणजे अप्रत्यक्ष कथनात. मराठीत आपण बिनधास्त म्हणतो, 'मार्कुस म्हणतो की मी येणार नाही', आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की हा 'मी' मार्कुस आहे. लॅटिनला हे चालत नाही, तिथे येतं 'मार्कुस दीकित से नॉन वेंतूरुम एस्से', 'की' वगैरे काही नाही, बोलणारा 'से' (स्वतः) होऊन द्वितीयेत जातो आणि क्रियापद इन्फिनिटिव्ह (आपल्या 'येणे'सारखं रूप) होतं. एका वाक्यापुरतं ठीक आहे हो, पण सीझर त्याच्या गॉलच्या युद्धावरच्या पुस्तकात पानंच्या पानं असं लिहितो. पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात दिविको नावाचा हेल्वेती जमातीचा म्हातारा पुढारी सीझरला सुनावतो, ते सगळं ओब्लिक्वात, आणि त्याला सीझरचं उत्तरही तसंच, म्हणजे स्वतःचं बोलणंसुद्धा आडवळणाने!

माझी पद्धत साधी आहे. पेन्सिलने आधी 'म्हणाला'चं क्रियापद शोधायचं, मग प्रत्येक 'से' आणि 'सुउस' (स्वतःचा) खाली तो कोणाचा ते लिहायचं (बहुतेक वेळा बोलणाऱ्याचाच, पण दरवेळी नाही), आणि मग अख्खा उतारा थेट बोलण्यात फिरवून मराठीत मोठ्याने म्हणायचा. दिविको 'मी', 'आम्ही' म्हणायला लागला की राग कोणावर आहे ते लगेच कळतं. हे जमलं की चौथ्या भागातलं पंचविसावं प्रकरण काढा, ब्रिटनच्या किनाऱ्यावर सैनिक पाण्यात उतरायला कचरतायत आणि दहाव्या लीजनचा (रोमन सैन्याच्या तुकडीचा) गरुडध्वजवाला ओरडतो, तिथे सीझरने चक्क त्याचे थेट शब्द दिलेत, 'ओरातिओ रेक्ता'.