‘राहील लक्षात’ म्हणणं सोडा : एडीएचडी असताना ऑफिसचं काम कसं निभवावं

दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटला मी अडीच तास खपून मेल लिहिली. आकडे तपासले, तक्ता जोडला आणि चहाला उठले. वाटेत कुणीतरी प्रिंटर अडकल्याचं सांगितलं, प्रिंटरपाशी कागद संपल्याचं कळलं, कागद आणायला खालच्या मजल्यावर गेले. सहा दिवसांनी क्लायंटचा फोन आला तेव्हा मेल ड्राफ्टमध्येच पडून होती. साहेबांनी विचारलं, ‘अहो, एवढं सगळं करता आणि सेंड दाबायला काय होतं?’ मला उत्तर सुचलं नाही. मलाही तेच विचारायचं होतं.

पुढे छत्तिसाव्या वर्षी निदान झालं : एडीएचडी, म्हणजे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’. यात लक्ष हवं तिथे टिकवणं अवघड जातं, काहींना स्वस्थ बसवतही नाही. कामात बुडाले की जेवणाचीही शुद्ध राहत नाही, पण कशात बुडायचं हे माझ्या हातात नसतं. ते कसं निभावते, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी : नीट निदान

तीस सेकंदांची रील बघून ‘अरे, हे तर माझंच’ असं वाटलं, तर तेवढ्यावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. यासाठी रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन नसतो. डॉक्टर सविस्तर बोलतात, प्रश्नावली भरून घेतात. मोठ्या माणसांत लक्ष न लागण्याच्या नऊपैकी किंवा अतिचंचलपणाच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं दिसावी लागतात. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि घर, ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी त्रास व्हावा लागतो. झोप अपुरी असली, थायरॉइड बिघडलं किंवा नैराश्य असलं तरीही लक्ष लागत नाही, म्हणून तेही तपासतात.

जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या. माझी आईने माळ्यावरून काढून दिली. चौथीतला शेरा : ‘हुशार आहे, पण धांदरट. डबा वर्गातच विसरते.’ वर्गात धुडगूस घालणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी शहाणी ठरते आणि तिचं निदान राहून जातं. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. एडीएचडीवरच्या औषधांपैकी मेथिलफेनिडेटचा परिणाम साधारण तासाभरात जाणवतो, अटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. रक्तदाब आणि नाडीवर लक्ष ठेवावं लागतं. मित्राच्या पाकिटातली गोळी ‘बघू तरी’ म्हणून घेऊ नका. मेथिलफेनिडेट चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक केमिस्टकडे नसतं, त्यामुळे पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुकानात फोन करायचा. (हे मी तीनदा विसरल्यावर शिकले.)

दुसरी पायरी : डोक्यातलं बाहेर काढा

चालू कामापुरतं काहीतरी डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, ती आपल्याकडे गळकी असते. म्हणून ‘राहील लक्षात’ असं मनात आलं रे आलं की पेन उचलायचं. वही एकच ठेवा. अप्पा बळवंत चौकात गेलं की तीन सुंदर डायऱ्या घ्यायचा मोह होतो. तीन डायऱ्या म्हणजे शोधायच्या तीन जागा.

आणि पुण्यात राहून पाटी लावायला लाजायचं कशाला? माझ्या मॉनिटरच्या कडेला दोन वर्षं चिकटलेली पाटी अशी आहे : ‘सेंड दाबल्याशिवाय खुर्ची सोडू नये. – हुकमावरून.’ शेजारचे हसतात. पण त्यानंतर एकही मेल ड्राफ्टमध्ये राहिलेली नाही. पाटी चुकते तिथेच लावायची : लॅपटॉपचा चार्जर विसरत असाल तर घराच्या कडीवर, आयकार्ड विसरत असाल तर चपलांच्या रॅकवर.

तिसरी पायरी : वेळ डोळ्यांना दिसू द्या

‘कोथरूडहून हिंजवडी पाऊण तास’ असं माझं मन अजूनही छातीठोकपणे सांगतं, कारण एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी पाऊण तासात पोचले होते. चांदणी चौकात रोज काय होतं ते मला ठाऊक आहे, पण मनाला तो एकच दिवस आठवतो. कामाच्या अंदाजांचंही असंच होतं. म्हणून वहीत दोन रकाने आखा, ‘अंदाज’ आणि ‘प्रत्यक्ष’, आणि आठवडाभर भरा. माझ्या पहिल्या आठवड्यातली एक ओळ : टाइमशीट भरणे, अंदाज ५ मिनिटं, प्रत्यक्ष २२. पंधरा दिवसांनी मी प्रत्येक अंदाजाला सरळ दोनाने गुणायला लागले आणि ‘होईल आजच’ असं सांगणं थांबलं.

दुसरं, टायमर. मोबाइलमधला नको, टायमर लावायला मोबाइल उघडला की वीस मिनिटं व्हॉट्सॲपवर जातात. तुळशीबागेत स्वयंपाकघरातला पीळ देऊन लावायचा टायमर मिळतो, तो टेबलावर ठेवा. फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या अशाच टायमरवर २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, तेच तिचं नाव. २५ जड वाटत असतील तर १० लावा. पण विश्रांतीत फोन हातात घेऊ नका, पाणी प्या, जिना चढून या. आणि ऑफिसात त्याची टिकटिक शेजाऱ्याला छळते, तेव्हा खाली रुमाल घाला.

चौथी पायरी : सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी लहान करा

मला सगळ्यांत जड जातं ते हेच. काम येतं, वेळ आहे, मुदत उद्याची आहे, तरी हात उठत नाही. बाहेरून हा आळस दिसतो, आतून ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिल्यासारखं असतं. अशा वेळी यादीतलं ‘रिपोर्ट पूर्ण करणे’ हे वाक्य निरुपयोगी. त्याऐवजी हातांना करता येईल असं लिहा : ‘एक्सेल उघडून मार्चच्या शीटला नाव देणे.’ तेवढंच करायचं कबूल करा. बहुतेकदा गाडी पुढे जाते. नाही गेली तर निदान फाइल उघडी असते.

संध्याकाळी उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडा. सकाळी कोऱ्या पानापेक्षा अर्धं वाक्य बरं.

तरीही अडलं तर माणूस शेजारी बसवा. त्याने मदत करायची नाही, नुसतं असायचं. घरून काम असतं तेव्हा मी बाबांना जेवणाच्या टेबलाशी बसवते.

‘मी करायचं काय?’
‘काही नाही बाबा, तुमचं शब्दकोडं सोडवा. फक्त उठू नका.’
‘बरंय. निवृत्त झाल्यावर नोकरी लागली म्हणायची.’

ते कोडं सोडवतात, मी टाइमशीट भरते. ऑफिसात एक मैत्रीण गुरुवारी तिची बिलं घेऊन माझ्या टेबलाशी येते. लांब असलो तर व्हिडिओ कॉल चालू ठेवून दोघी गप्प बसतो.

साहेबांशी काय बोलायचं

निदान सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरांकडची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. नाव न घेताही सोय मागता येते : ‘सर, मीटिंगमध्ये ठरलेलं मी दोन ओळींत लिहून पाठवते, चुकलं तर सांगा.’ महिन्याच्या शेवटची एकच तारीख न घेता दर शुक्रवारी थोडं थोडं दाखवायची परवानगी मागा. साहेबांना हे आवडतंच, त्यांनाही सारखी आठवण करून द्यावी लागत नाही.

एक होणारच : यातलं काहीही तीन-चार आठवड्यांनी शिळं होतं. पाटी दिसेनाशी होते, टायमर कागदांखाली जातो. तेव्हा स्वतःला बोल न लावता पाटीचा रंग बदला, जागा बदला, पंचविसाचे पंधरा करा. माझी पाटी सध्या पोपटी आहे, डावीकडे. मजकूर तोच.